मान गावाच्या अलीकडे

रांझी, जबलपूर
१७ जानेवारी २०१९

प्रिय विनता,

माझं अक्षर पाहून घाबरू नको. इथे सगळं ठीक आहे. माझा गुडघा बरा आहे, नळाला पाणी येतं आहे, आणि मटारचा मोसम असल्यामुळे सोलून सोलून माझी नखं हिरवी झाली आहेत. हल्ली पत्र म्हटलं की माणसाला आधी वाईटच सुचतं, म्हणून हे सुरुवातीलाच सांगून टाकलं. फोनवर मला बोलता येत नाही हे तू जाणतेस. तू तिकडून 'बाकी?' म्हणतेस, मी इकडून 'बाकी ठीक' म्हणते, आणि फोन ठेवला की जे बोलायचं राहिलं ते स्वयंपाकघरात एकटीच बोलत बसते. या वेळचं बोलणं तसं भिंतींना सांगून चालणार नाही, म्हणून वही घेतली. पुण्यात राहून तुझी मराठी माझ्यापेक्षा शुद्ध झाली आहे, तेव्हा कुठे 'करून राहिले' नि 'येऊन राहिले' दिसलं तर हसू नको. शहपुऱ्याच्या बालवाडीत मी मुलांना शिकवायचे ते हिंदीत. मराठी लिहायची सवय तुझ्या बाबांनी लावली. ते म्हणायचे, मालन, घरात तरी आपली भाषा कागदावर उतरली पाहिजे, नाहीतर ही पोरगी उद्या रडेलसुद्धा हिंदीत.

तू पाठवलेले लडाखचे फोटो मी स्टुडिओतून छापून आणले. शेजारच्या भानुमतीनं पाण्याचा तो निळा रंग पाहिला आणि म्हणाली, "मालनताई, समुद्रावर जाऊन आल्या का?" मी म्हटलं, समुद्र नाही, तळं आहे, पण पाणी खारट. तिला पटेना. एवढ्या उंचावर, जिथे झाड नाही, पाऊस नाही, नुसते उघडे डोंगर आणि रेती, तिथे खारं तळं कुठून आलं? मग तू मला जसं समजावलं होतंस तसंच मी तिला समजावलं, की डोंगरांवरून पाणी आत येतं पण बाहेर पडायला वाट नाही. ऊन पाणी घेऊन जातं आणि मीठ मागे राहतं. भानुमती "बाई गं" म्हणाली आणि तिनं दुसरा फोटो उचलला. त्यात मी बाबांचा तपकिरी स्वेटर घालून काठावर उभी आहे आणि माझं तोंड उघडं आहे. "इथे काय बोलून राहिल्या होत्या?" तिनं विचारलं. मला आठवत होतं. मी तुला म्हणत होते, फोटो काढू नको गं, केस उडून राहिले. त्यानंतर तासाभरात जे झालं ते मी भानुमतीला सांगितलं नाही. कोणालाच सांगितलं नाही.

तो प्रवास माझा नव्हताच. बाबांनी छत्तीस वर्षं व्हीकल फॅक्टरीत मिलिटरीचे ट्रक जोडले. समोरचा एक्सल बसवायचं त्यांचं काम. 'आपल्या गाड्या लडाखला जातात' हे ते इतक्या वेळा म्हणायचे, की जेवताना त्यांनी 'आपल्या' म्हटलं की तू पुढचं वाक्य पुरं करायचीस. त्या गाड्या जिथे जातात तो मुलूख एकदा पाहायचा आणि पँगाँग तळ्याच्या काठानं पायी चालायचं, स्पांगमिक गावापासून मान गावापर्यंत, दहा किलोमीटर, तुला सोबत घेऊन, असं त्यांनी मनात धरलं होतं. मी घरी राहणार होते. बापलेकीचा तो प्रवास होता आणि मला त्याचं वाईट वाटलं नव्हतं, खरंच. चालायची सवय व्हावी म्हणून ते रोज सकाळी मैदानाला सहा चकरा मारायचे. फेब्रुवारीत एका सकाळी चौथ्या चकरेनंतर बाकावर बसले ते उठलेच नाहीत.

जूनमध्ये तुझा फोन आला. दोघांचं बुकिंग आहे, बाबांच्या जागी तुम्ही येता का? मी नाही म्हणावं म्हणूनच तू विचारते आहेस, हे मला तुझ्या आवाजात स्पष्ट ऐकू आलं. मी हो म्हटलं. त्यांचं राहिलेलं चालणं कोणीतरी पुरं करावं असं वाटलं. शिवाय मनात असंही आलं, की आता आपल्या दोघींच्या मधला माणूस गेला. एप्रिलात जयंतीला एक फोन आणि दिवाळीला एक, एवढंच नातं यापुढे उरेल. तर एकदा नीट निरोप घ्यावा. तुझ्याही मनात तेच होतं ना? दिल्लीच्या विमानतळावर तू माझी बॅग उचललीस ती पाहुण्यांची उचलतात तशी.

मी या घरात आले तेव्हा तू बारा वर्षांची होतीस. तुझी आई जाऊन तीन वर्षं झाली होती. पद्मजाताईंच्या साड्या कपाटात जशाच्या तशा होत्या आणि किल्ली तुझ्या कंपासपेटीत. मी ती कधी मागितली नाही. तू मला कधीच कशानंही हाक मारली नाहीस. 'ऐका ना' म्हणायचीस, नाहीतर नुसती समोर येऊन उभी राहायचीस. राइट टाउनच्या तुझ्या शाळेत पालकसभा होती, बाबांची ड्यूटी होती म्हणून मी आले. बाईंनी तुला विचारलं, "ये कौन हैं तुम्हारी?" तू म्हणालीस, "हमारे घर में रहती हैं." मी ऐकलं, आणि मी ऐकलं हे तू पाहिलंस. रिक्षात आपण दोघी दोन बाजूंना बघत घरी आलो. मी रागावले नव्हते गं. त्यात खोटं काय होतं? घरातच राहत होते मी.

लेहला दोन दिवस आपण नुसत्या पडून होतो, हवा विरळ म्हणून. गेस्ट हाउसच्या मालकीणबाईंनी मला बजावलं, "दीदी, सिरदर्द तो सबको होता है. लेकिन चलते-चलते पैर लड़खड़ाने लगें तो एक मिनट मत रुकना, नीचे ले जाना." मी ते माझ्यासाठी ऐकून घेतलं. बावन्न वर्षांची बाई मी, नागपूरच्या दीक्षाभूमीपलीकडे कधी गेलेली नाही. काही झालं तर मलाच होणार, असं आपण दोघींनी धरूनच ठेवलं होतं. तुझ्या पिशवीतल्या गोळ्यासुद्धा माझ्या वजनाच्या हिशेबानं आणलेल्या होत्या.

चांग ला घाटात मिलिटरीच्या गाड्यांची रांग समोरून आली तेव्हा आपल्या ड्रायव्हरनं, नुरबूनं, गाडी कडेला घेतली. धूळ उडवत एकामागून एक ट्रक जात होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "यातल्या एखादीचा एक्सल..." आणि पुढचं तू म्हणालीस, "बाबांनी बसवला असेल." रांग संपेपर्यंत आपण दोघी एकाच काचेतून बघत होतो. शेवटच्या ट्रकला तू हात केलास. आत बसलेल्या जवानानंही केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला आपण स्पांगमिकहून निघालो. सामान घेऊन नुरबू मानला जाऊन थांबणार होता. वर गाडीचा कच्चा रस्ता आणि खाली पाण्याच्या अगदी काठानं पायवाट. उजव्या हाताला तपकिरी, जांभळट, उघडे डोंगर. डाव्या हाताला पाणी. आपलं भेडाघाटचं पाणी हिरवं, दोन्हीकडून संगमरवरानं दाबून धरलेलं. तिथे नजर आपोआप एका जागी राहते. इथे एवढं मोकळं, की डोळे कुठे ठेवावे कळेना. काठाशी काचेसारखं, आतले गोटे मोजावे असं, मग पोपटी, मग निळं, आणि पलीकडच्या डोंगराखाली तर शाईची दौत लवंडल्यासारखं. पाणी जिथे मागे हटलं होतं तिथल्या दगडांवर पापडखारासारखा पांढरा थर होता. तू बोट बुडवून चाखलंस, मग मीही चाखलं आणि आपण दोघी एकदम थुंकलो. त्यावर तू हसलीस. बाबा गेल्यापासून मी तुला हसताना पहिल्यांदा पाहत होते.

मग तुझी जीभ सुटली. "मी नसताना बाबा तुम्हाला काय हाक मारायचे?" मी म्हटलं, "मालन. तू असताना मात्र हाकच मारायचे नाहीत, हवेत बोलायचे. 'कोणी चहा करून राहिलं का?' असं." तू इतकी हसलीस की खाली बसलीस. नारिंगी रंगाची दोन बदकं पाण्यावर होती, ती उडाली. मी चालत होते, बाबांच्या स्वेटरला अजून त्यांच्या तेलाचा वास होता, ऊन पाठीवर होतं, आणि मला वाटलं, निरोप घ्यायला याहून चांगली जागा कोणती मिळाली असती?

अर्ध्याहून जास्त वाट झाल्यावर आपण एका मोठ्या दगडावर बसलो. तू डोकं धरलं होतंस. दुखतं का विचारलं तर "थोडं" म्हणालीस. आणि मग, पाण्याकडे पाहत, तू ते बोललीस. मी तुझे शब्द जसेच्या तसे लिहिते, कारण त्यातला एकही मी विसरलेले नाही. "मला एक सांगायचंय. मी नववीत होते तेव्हा तुम्हाला बाळ होणार होतं. बाबांनी मला सांगितलं, आणि मी आईच्या फोटोसमोर उभी राहून म्हटलं, आई, ते येऊ नको देऊ. चार दिवसांनी तुम्हाला दवाखान्यात नेलं. ते मी केलं."

मी काय केलं? पाण्याच्या बाटलीला झाकण लावलं, उठले आणि चालायला लागले.

त्या लेकराबद्दल सोळा वर्षांत कोणी माझ्याशी एक शब्द बोललं नव्हतं. पहिल्या नवऱ्यानं मूल होत नाही म्हणून मला माहेरी आणून सोडलं होतं, आणि तुमच्या घरी आल्यावर, छत्तीसाव्या वर्षी, ते राहिलं. अडीच महिने मी ते लेकरू सांभाळलं. कोणाला दिसत नव्हतं तरी मी पदर पुढे घेऊन चालायचे. गेल्यावर बाबांनी एकदा माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तो विषय त्या हाताखालीच मिटला. आणि इतक्या वर्षांनी कोणी त्याचं नाव काढलं ते असं. मला राग आला होता, विनता. तुझ्यावर म्हणू की नशिबावर, पण इतका आला होता की छातीत हवा पुरेना. पाठीमागे तुझे बूट वाजत होते. मग वाजेनासे झाले. मला वाटलं, मला एकटीला चालू द्यावं म्हणून तू मुद्दाम मागे राहिलीस. मी वळून पाहिलं नाही. किती वेळ, ते सांगता येत नाही. वाटेची दोन वळणं गेली एवढं आठवतं. हे तुला माहीत नाही, म्हणून लिहिते आहे. तू बसलीस ते मला कळलं नाही, कारण मी वळलेच नाही.

वळले तेव्हा वाट रिकामी होती. धावत मागे आले. तू वाटेवरच बसली होतीस, पुढे ओकारी पडलेली, ओठ निळसर. "काहून बसली गं?" म्हणून मी ओरडले. तू उठलीस आणि दारू प्यायलेल्या माणसासारखे तुझे पाय एकमेकांत अडकले. मालकीणबाई जे बोलल्या होत्या ते माझ्यासाठी नव्हतंच. फोनला रेंज नाही. वरच्या रस्त्यावर एकही गाडी नाही. तुला सोडून मानला पळत जावं, तर तू इथे पाण्याच्या काठावर एकटी, उठायचा प्रयत्न केलास तर कुठे पडशील नेम नाही. मी तुझा हात माझ्या गळ्याभोवती घेतला, ओढणीनं तुझी कंबर माझ्या कमरेला बांधली आणि निघाले. वीस पावलं चालायचं आणि थांबायचं. तू झोपू नये म्हणून बालवाडीतल्या पोरांना म्हणायला लावायचे तसे तुला आकडे म्हणायला लावले. तू हिंदीत म्हणत होतीस. तेरापर्यंत यायचीस आणि पुढचा आकडा हरवायचा. मग पुन्हा एकपासून.

कितीदा तेरा झाले असतील, तेव्हा पुढे जवाचं कापलेलं शेत दिसलं. एक बाई गाढवावर पेंढ्या लादत होती. डोल्मा तिचं नाव, ते नंतर कळलं. तिनं एकदा तुझ्याकडे पाहिलं, एकदा आपल्या दोघींना बांधलेल्या ओढणीकडे. "आपकी बेटी?" तिनं विचारलं. मी "हाँ" म्हटलं. विचार करून म्हटलं नाही, तोंडून गेलं. तिनं सगळ्या पेंढ्या जमिनीवर ढकलून दिल्या आणि तुला गाढवावर बसवलं. पुण्याच्या औषध कंपनीतल्या मॅडम गाढवावर बसून मान गावात शिरल्या, आणि फोटो काढायला कोणी नव्हतं! आता हसू येतं. तेव्हा मी एका बाजूनं तुला धरून चालत होते आणि मनात एवढंच होतं, की त्या दोन वळणांवर मी वळून पाहिलं असतं तर.

नुरबूनं गाडी कशी हाणली ते तुला आठवणार नाही. तांगत्सेच्या सरकारी दवाखान्यात तुला ऑक्सिजन लावला. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलं. मी त्यांना सांगितलं नाही की वेळेत आणलं नाही. दुपारी कधीतरी तू डोळे न उघडता "बाबा" म्हणालीस. पुन्हा म्हणालीस, "बाबा?" उत्तर द्यायला तिथे मीच होते. मी "हं, बेटा" म्हटलं. तू माझं बोट धरलंस आणि झोपलीस. संध्याकाळपर्यंत मी ते बोट सोडवून घेतलं नाही.

परत येताना दिल्लीला, माझी गाडी सुटायच्या आधी, तू खिडकीशी उभी राहून म्हणालीस, "त्या दिवशी मी काय काय बोलले, मला नीट आठवत नाही." आणि माझ्याकडे पाहिलंस. मी म्हटलं, "मलाही नाही." आपण दोघी खोटं बोललो. गाडी हलली आणि माझं उत्तर माझ्याजवळच राहिलं. ते आज देते.

तू फोटोसमोर उभी राहिलीस त्याच्या आठ दिवस आधी मी तपासायला गेले होते. सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ पाहिलं, मग माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, याची वाढ थांबली आहे, ठोके नाहीत, थोडे दिवस वाट पाहू, नाहीतर दवाखान्यात यावं लागेल. मी घरी येऊन पोळ्या केल्या. बाबांना सांगितलं नाही. ते इतके खुशीत होते, आणि मशीन कधीकधी चुकतं असं मी कुठेतरी ऐकलं होतं. त्याच खुशीत त्यांनी तुला सांगून टाकलं. तेव्हा विनता, तू आईला जे मागितलंस त्याच्या आधीच ते लेकरू गेलेलं होतं. हे तुझ्या बाबांनाही शेवटपर्यंत कळलं नाही. मी आधी बोलले नाही याची मला लाज वाटत होती, म्हणून नंतरही बोलले नाही. तळ्याकाठी एका वाक्यात मी तुला मोकळी करू शकले असते. पण त्या क्षणी मला तुझं दुःख दिसलं नाही, माझंच दिसलं. आणि पद्मजाताईंवरही हा आळ ठेवू नको. मी या घरात त्यांच्या फोटोखाली अठरा वर्षं वावरले आहे. ती बाई कोणाचं लेकरू नेणारी नव्हे.

आता माझंही एक ऐकून ठेव, म्हणजे आपण बरोबरीला येऊ. मी आले त्या पहिल्या वर्षी तुझ्या बाबांना म्हटलं होतं, विनताला नागपूरला तिच्या मामाकडे ठेवलं तर? शिक्षण चांगलं होईल. शिक्षणाचं निमित्त होतं. मला तू नको होतीस. येता-जाता तुझे ते डोळे नको होते. बाबा दोन दिवस घरी जेवले नाहीत, तेवढंच. मी तो विषय परत काढला नाही. तर असं आहे बघ. तू माझं लेकरू येऊ नये म्हणालीस, आणि मी तू जावीस म्हणाले. कोणाच्या म्हणण्यानं काही झालं नाही. तू राहिलीस, मी राहिले, तुला ताप आला की मी उशाशी बसले, मला दवाखान्यातून आणलं तेव्हा तू करपलेली खिचडी करून ताट दाराशी ठेवून पळालीस. ती मी सगळी खाल्ली होती. तुला तेव्हा सांगायला हवं होतं.

आता हे पत्र का लिहिलं ते. परवा सकाळी शैलेंद्रजींचा फोन आला. तुला न सांगता केला होता, त्यांच्यावर रागावू नको. नवऱ्यानं बायकोची काळजी केली तर तो गुन्हा नाही. त्यांनी सांगितलं, तुला तिसरा महिना आहे. आणि मग थांबून सांगितलं, की बाबा गेल्यावर महिन्याभरात एक राहिलेलं गेलं होतं, ते तू कोणाला कळू दिलं नाहीस. म्हणाले, "मावशी, ती दिवसदिवस बोलत नाही. म्हणते, मी एकदा कोणाचं तरी बाळ घालवलं, माझं कसं टिकेल? कोणाचं ते सांगत नाही." फोन ठेवल्यावर मला उमगलं. तळ्याकाठी तू मला जुनी गोष्ट सांगत नव्हतीस. तू विचारत होतीस, आणि विचारायला तुला साऱ्या दुनियेत मीच एक होते, आणि मी बाटलीचं झाकण लावून पुढे निघून गेले. बेटा, तुझ्यावर कसलाही शाप नाही. तू कोणाचं काही घालवलेलं नाहीस. टिकेल की नाही ते मी सांगू शकत नाही, डॉक्टरही सांगू शकत नाहीत, पण ते तुझ्या नववीतल्या बोलण्यावर ठरणार नाही, एवढं मी माझ्या गेलेल्या लेकराच्या नावानं तुला लिहून देते. हे पत्र स्पीड पोस्टानं माझ्याआधी पोचेल. मुद्दामच, म्हणजे मी दारात उभी राहीन तेव्हा आपल्याला यातलं काहीच तोंडानं बोलावं लागणार नाही. पुढच्या शनिवारच्या गाडीत मला जागा मिळाली आहे. स्टेशनवर तू येऊ नको, शैलेंद्रजींना पाठव. परतीचं तिकीट मी काढलेलं नाही.

तुझीच,
मालन